लॉनमधली मोरस

हौसाने अंगठ्याचं नख कोवळ्या देठात रुतवलं, शेंडा खुडला आणि ओच्यात टाकला. मूळ जमिनीत तसंच राहू दिलं. लगेच व्हरांड्यातून आवाज आला.

"मुळासकट, हौसा. किती वेळा सांगायचं? मुळासकट उपट."

सरोजिनीबाई सकाळी सात वाजताच गाडी घेऊन रोह्याहून पेणला आल्या होत्या. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, पण आवाजातली छडी काही निवृत्त झाली नव्हती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताचं बोट लॉनच्या खालच्या कोपऱ्याकडे.

"मुळासकट काढलं तर खड्डे दिसतील, बाई."

"मग माती भर. वर नवं लॉन बसव. डिकीत दोन गुंडाळ्या आणल्यात. साडेआठला माणसं येणार आहेत, तोवर सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे."

हौसाने मान खाली घातली आणि ओढायला सुरुवात केली. मूळ सुटताना मातीचा ओला वास आला. हा वास तिच्या ओळखीचा होता, आणि बाईंना तो येत नव्हता हे त्यांचं नशीब.

धरमतरच्या रस्त्याला, गावाबाहेर, भराव घालून बांधलेला हा बंगला. पुढे तो हिरवा तुकडा, गुंडाळीने विकत आणून चटईसारखा पसरलेला. असलं गवत की गुरंसुद्धा तोंड लावणार नाहीत. त्यात आपणहून खाण्यासारखं जे काही उगवायचं, त्याला बाई तण म्हणायच्या. घोळ, केना, आंबुशी, पावसाळ्यात टाकळा नि कुर्डू. आठ वर्षं हौसाने हे तण उपटलं आणि आठ वर्षं तेच शिजवून खाल्लं. पहिल्यांदा बाईंनी पाहिलं तेव्हा नाक मुरडलं होतं.

"शी! कुत्री येतात गं तिथे."

"धुऊन खाते," हौसा म्हणाली होती. "तुमच्या बाजारातल्या मेथीवर काय देव येऊन बसतात?"

दोघींचं हे असं होतं. बाईंना बंगल्यावर राखणीला माणूस हवं होतं आणि हौसाला डोक्यावर छप्पर. म्हणून मागची खोली तिला मिळाली होती. माया कुणाचीच कुणावर नव्हती. बाई महिन्यातून दोनदा यायच्या, कपाटांना कुलपं आहेत का बघायच्या आणि जाताना हौसाच्या खोलीतही डोकावून जायच्या. हौसा त्या गेल्या की फाटकाकडे तोंड करून मनसोक्त शिव्या द्यायची.

पण ही घोळ नव्हती आणि केनाही नव्हता. गणपती उठले आणि पंधरा दिवसांत, लॉन जिथे पिवळं पडलं होतं तिथे, मोरस दिसली. जाड, बारीक, रसाने भरलेली पानं, चावली की खारट लागणारी. पहिल्या दिवशी हौसाला काय आनंद झाला! किती वर्षांनी. तिने सुका जवळा घालून भाजी केली, तांदळाची भाकरी भाजली आणि पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला हात थांबला.

मोरस गोड्या मातीत येत नाही. ती येते खाजणात, मिठागराच्या बांधावर, जिथे खाडीचं पाणी मुळाला लागतं तिथे. आणि खाडी तर मोठ्या बांधापलीकडे, इथून चांगली लांब. म्हणजे बांध आतून कुठेतरी पोखरला होता आणि पाणी भरावाच्या खालून सरकत सरकत अंगणापर्यंत आलं होतं. हौसा मिठागरावर जन्मली, मिठागरावर जनूशी लग्न झालं, मिठागर बंद पडेपर्यंत तिने मीठच ओढलं. हे कळायला तिला कुणा इंजिनियरची गरज नव्हती. पुढच्या अमावास्येच्या उधाणानंतर तिच्या खोलीच्या भिंतीला पायाशी पांढरी खार फुटली, तेव्हा तर उरलीसुरली शंकाही गेली.

तिने बाईंना सांगितलं. बाईंनी वाकून भिंतीवरून बोट फिरवलं.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाय."

"सांगूही नकोस." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "माझा मुलगा हा बंगला विकायचं म्हणतोय. आता तर विकायलाच हवा. हे बघ हौसा, नवा मालक कोणीही असो, मी त्याच्याशी बोलून घेईन. तुझी खोली तुझीच राहील, मरेपर्यंत. पण ते तण दिसता कामा नये. आणि तुझं तोंड बंद."

हौसाने मान हलवली. न हलवून जाणार कुठे? साठी उलटलेली बाई, पुढे ना मागे कोणी. ही खोली गेली तर पेणच्या एस.टी. स्टँडवरचं बाकडं, दुसरं काय. मग दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. आणि दर आठ दिवसांनी हौसा मोरस खुडायची, शिजवायची आणि खायची. बंगल्याचं दुखणं असं तिच्याच पोटात जात होतं.

इथवर सगळं ठीक होतं. चार दिवसांपूर्वी बाईंनी फोनवर गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं तेव्हा मात्र हौसाने ते दोनदा विचारून घेतलं.

अमोल म्हात्रे. धाटावला कंपनीत असतो, शिफ्ट ड्युटी. आई आहे, विमलबाई.

जनूच्या थोरल्या भावाचा मुलगा. आणि विमलबाई म्हणजे हौसाची थोरली जाऊ.

जनूला जाऊन बारा वर्षं झाली. तेराव्याचं जेवण आटोपलं, माणसं उठली, आणि विमलबाईने भर ओसरीत सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, "नवरा खाल्लास, आता माझ्या पोरांना खाऊ नको. चालती हो." हौसाचं गाठोडं अंगणात येऊन पडलं. कोणी एक शब्द काढला नाही. त्या दिवसापासून हौसाने त्या गावाकडे तोंड केलं नव्हतं आणि जावेचं नाव जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

आणि आता तीच विमलबाई गावातलं घर विकून, त्या ओसरीसकट विकून, इथे राहायला येणार होती! खाऱ्या पाण्यावर! फोन ठेवून हौसा हसली, एकटीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. दोन-तीन पावसाळे जातील, भिंती फुगतील, फरशा उचकटतील, नळाला खारं पाणी येईल आणि विमल छाती पिटत बसेल. आपण मागच्या खोलीच्या दारात बसून बघू. विकलेलं घर काही परत मिळत नसतं. हौसाला असं सुख बारा वर्षांत मिळालं नव्हतं, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. तिने त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

म्हणून आज तिने बाईंचं ऐकून मोरस मुळासकट काढली. खड्ड्यांत माती भरली, वर नवं लॉन अंथरलं, पायाने दाबलं, पाणी मारलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. खुडलेलं सगळं सुपात घेऊन ती मागे खोलीच्या दारात जाऊन बसली. मोरशीत थोडी घोळ आली होती, थोडी आंबुशी. ती निवडायला लागली.

साडेआठला फाटक वाजलं. बाईंचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला.

"या, या! ह्या आई वाटतं? सावकाश हं, पायरी आहे."

"ऑपरेशन झालंय डोळ्याचं, पंधरा दिवस झाले," अमोलचा आवाज आला. रात्रपाळी करून तसाच आलेला असणार, आवाज घोगरा होता. "तिनं बघितल्याशिवाय विसार द्यायचा नाय, असं ठरलंय आमचं."

"अगदी बरोबर. घर बाईमाणसानंच बघावं. चला, आधी गच्ची दाखवते."

"तुमी जावा. माझं गुडघं वर चढत नाय. मी खालीच बघते."

हा दुसरा आवाज. हौसाचा हात सुपात थांबला. मग ती मुद्दाम पुन्हा निवडू लागली.

जिन्यावर पावलं वाजली. थोड्या वेळाने भिंतीच्या कोपऱ्यावरून काठी आली आणि काठीमागून विमलबाई. काळा चष्मा, किनार विरलेलं नऊवारी. म्हातारी झाली होती. हौसाला वाटलं होतं तेवढी ती आता उंच नव्हती.

"कोण हाय तिकडं? मागं राखणीला बाई असते म्हणाल्या, ती तूच व्हय?"

"मीच."

आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. विमलबाईची काठी जागच्या जागी थांबली.

"तू गो? हितं येऊन मेलीस व्हय!"

"अजून जिती हाय. तुमची सोय नाय झाली."

विमलबाई दोन पावलं पुढे आली. चष्म्याआडून तिने खोली, दार, दारात बसलेली बाई असं सगळं अंदाजाने पाहिलं. जीभ अजून तशीच होती.

"मोलकरीण झालीस. आता माझी मोलकरीण होणार म्हण की. देवाला डोळं हायत." तिने वाकून सुपात हात घातला, चार पानं बोटांत धरली आणि टाकून दिली. "आणि हे काय? गवत?"

"भाजी हाय."

"दारातलं गवत उपटून भाजी! लोकांच्या लानावरचं!" विमलबाई हसली. "नवरा खाल्लास, आता गवतावर आलीस."

तेच शब्द. बारा वर्षं मनात दाबून धरलेलं सगळं हौसाच्या कानशिलांत आलं. तिला खोली आठवली नाही, बाई आठवल्या नाहीत, गप्प बसायचं ठरवलेलंही आठवलं नाही. ती उठली, सुपातली मूठ भरली आणि विमलबाईच्या तोंडाशी नेली.

"गवत? गवत म्हणतेस याला? तुझ्या सासूनं हेच खाऊ घालून तुला पोसली, तुझं बाळंतपण केलं! घे! चाख! आणि मग बोल गवत!"

विमलबाई दचकून मागे सरली, पण दोन पानं ओठांतून आत गेलीच होती. थुंकायला तिने तोंड वळवलं आणि तशीच थांबली. जबडा एकदा हलला. मग पुन्हा हलला, सावकाश.

हौसाने मुठीत उरलेली पानं पटकन सुपात टाकली. काय केलं मी हे! हाताने केलं, स्वतःच्या हाताने!

"मोरस," विमलबाई म्हणाली.

वर गच्चीवर बाई हसत होत्या. अमोल काहीतरी विचारत होता, पाण्याच्या टाकीबद्दल असावं.

"मीठ घालतेस का हिच्यात?"

"मोरशीत कोण मीठ घालतं?" हौसा तिरसटपणे बोलून गेली, आणि मग तिला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

विमलबाईने घास गिळला. हनुवटीवर चिकटलेलं पान काढून बोटांत चुरडलं आणि ते बोट जिभेला लावलं. काठीने जमीन दोनदा टोचली. मग ती खोलीच्या भिंतीशी गेली, वाकली, गुडघा कळवळला तरी वाकली, आणि नव्या रंगाखाली जिथे फुगवटा आला होता तिथे नख खरवडलं. नखात आलेलं पांढरं तिने चाखलं. ती उठली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता.

"कवापासून?"

हौसाने सूप उचलून दाराआड सरकवलं.

"मी काय इचारते? कवापासून?"

"गणपतीपासून."

"आणि तुला ठाव होतं, कोण घेतंय ते?"

"चार दिवस झाले कळून."

"आणि तू गप बसलीस."

"तुला सांगायला मी तुझी कोण?"

विमलबाईने काठीवर दोन्ही हात ठेवले. मग तिने मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली. "ते बी खरं."

हे हौसाला अपेक्षित नव्हतं. भांडण असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिने हात लुगड्यात खुपसले.

"बोलले असते तर ही खोली गेली असती माझी. कळलं? त्या बाईनं अटच घातलीय. आता जा पुढं आणि ओरडून सांग, हौसानं दाखवलं म्हणून. तुझं तोंड कोणी धरलंय? तेव्हा बी कोणी धरलं नव्हतं."

विमलबाईने उघड्या दारातून आत पाहिलं. किती दिसलं असेल कोण जाणे. एक खाट, एक गॅसची शेगडी, दोरीवर दोन लुगडी, भिंतीवर जनूचा टोपीतला फोटो. फोटोकडे तिने जरा जास्त वेळ पाहिलं, किंवा हौसाला तसं वाटलं. जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. विमलबाईने पदराने तोंड पुसलं, दोनदा पुसलं, आणि काठी टेकत पुढे निघाली.

हौसा तिच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेली. अमोलला दिसणार नाही अशी भिंतीआड थांबली. आता ही बोलणार आणि संध्याकाळपर्यंत आपलं गाठोडं पुन्हा अंगणात पडणार. तेच तोंड, तेच गाठोडं.

"आये, गच्चीवरून खाडी दिसते!" अमोल म्हणाला. जागरणाने डोळे लाल झाले होते, पण हसू तोंडभर होतं. त्याने शर्टाच्या आतून पाकीट काढलं. "देऊ ना विसार?"

"ठेव ते खिशात."

"आँ?"

"घर नको."

सरोजिनीबाईंचा चेहरा उतरला. "का हो? काय झालं? काही अडचण आहे का?"

हौसाने डोळे मिटले.

"दार दक्षिणेला हाय," विमलबाई म्हणाली.

सकाळचं ऊन समोरून व्हरांड्यात चढून, उघड्या दारातून थेट आतल्या देवघरापर्यंत पसरलं होतं. अमोलने दाराकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"आये, दार पूर्वेला हाय."

"मला शिकवतोस?"

"अहो, पूर्वाभिमुख आहे घर," बाई म्हणाल्या. "वास्तू बघूनच बांधलंय आम्ही. ऊन बघा ना, समोरून येतंय!"

"तुमचं ऊन तुमाला लखलाभ. मला दक्षिण दिसते."

"तुझं आत्ताच ऑपरेशन झालंय, आये. चष्मा काढून बघ जरा."

"ऑपरेशन झालंय म्हणून तर चांगलं दिसतंय. दक्षिणेच्या दारात मी पाय ठेवायची नाय. माझ्या नातवंडांना पण ठेवू द्यायची नाय."

"अगं, गावचं घर द्यायचं ठरलंय आपलं! तुझ्या सुनेनं सामान बांधायला घेतलंय!"

"ठरलंय ना? दिलं नाय ना अजून? सोड म्हणावं सामान. चल."

अमोलने एकदा बाईंकडे, एकदा आईकडे पाहिलं. मग पाकीट परत शर्टात घातलं आणि हात जोडले. "माफ करा हां. म्हातारं माणूस हाय." लाजून चूर झाला होता बिचारा. तो मोटारसायकल वळवायला गेला.

विमलबाई फाटकाशी पोचली आणि वळली. कोपऱ्यावर उभ्या हौसाकडे तिने काठी केली.

"आणि ती बाई कसली ठेवलीत तुमी? एवढं इचारलं मी, पाणी कसं हाय, शेजार कसा हाय. तोंडातून शब्द काढेल तर शपथ! मुक्यासारखी बसली होती आपली सूप घेऊन. असलं माणूस दारात नसावं."

एवढं बोलून ती पोराच्या मागे बसली. मोटारसायकल धरमतरच्या रस्त्याला लागली. विमलबाईने मागे वळून पाहिलं नाही.

सरोजिनीबाई व्हरांड्यात उभ्याच होत्या. हातातला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी खुर्चीवर आपटला.

"अडाणी! ठार अडाणी बाई! हौसा, इकडे ये. तू काही बोलली नाहीस ना तिच्याशी?"

"ती सांगून गेली ना, बाई."

"हो, तेही आहे." बाई पायरीवर बसल्या. छडी कुठे गेली होती कोण जाणे, आज प्रथमच त्या थकलेल्या दिसल्या. "मग झालं काय एकाएकी? दार दक्षिणेला म्हणे! पोरगा बिचारा हो म्हणत होता. तूच सांग, आठ वर्षं राहतेस इथे. कुठे आहे हे दार?"

हौसा पायरीखाली उभी होती. ऊन अंगावर येत होतं, खांद्यावर, मानेवर, आणि पुढ्यातल्या दारात तिची लांब सावली पडली होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"दक्षिणेला," ती म्हणाली. "दक्षिणेलाच हाय, बाई."